जनरेटरचा आवाज: पेटी करण्याआधी तो कुठून येतो ते शोधा

वळवाच्या वादळात फांदी तारेवर पडली की कोल्हापुरात लाईट जाते आणि थोड्याच वेळात गल्लीत दोन-तीन जनरेटर सुरू होतात. ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनीत बंगल्याभोवती निदान थोडी मोकळी जागा असते. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत एकाचा बोळ म्हणजे दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीची खिडकी. तक्रार आली की बहुतेक जण एकच उपाय करतात, जनरेटरभोवती पत्र्याची पेटी. पैसे जातात, आवाज जेमतेम कमी होतो आणि इंजिन तापून बंद पडतं. पेटी हा उपाय चुकीचा नाही, पण तो शेवटचा आहे. त्याआधी करायची कामं स्वस्त आहेत आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

डेसिबलची बेरीज वेगळी असते

आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की डेसिबलचा आकडा फक्त 3 ने वाढतो. दहापट झाली तर 10 ने. कानाला 3 डेसिबलचा फरक जेमतेम कळतो, 10 डेसिबल कमी झाले की आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. समजा एक मीटरवर सायलेन्सरचा आवाज 80 डेसिबल आहे आणि इंजिनाचा बाकीचा खडखडाट 70. दोन्ही मिळून होतात 80.4. आता खडखडाट पूर्ण बंद केला तरी 80 उरतातच, शेजाऱ्याला काहीही फरक कळणार नाही. उलट खडखडाटाला हात न लावता सायलेन्सरचा आवाज 65 वर आणला तर एकूण आकडा 71 वर येतो. म्हणून सगळ्यात मोठा आवाज कुठला हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

अंतराचा हिशेबही असाच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. एक मीटरवर 75 असतील तर दोन मीटरवर 69, चारवर 63, आठवर 57. जाहिरातीतला आकडा वाचताना हे लक्षात ठेवा. ‘58 डेसिबल’ असं ठळक छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘7 मीटरवर’. तोच जनरेटर एक मीटरवर 75 चा असतो, कारण 1 आणि 7 मीटरमध्ये 17 डेसिबलचा फरक आहे. दोन मॉडेलची तुलना करायची तर आधी दोन्ही आकडे एकाच अंतरावर आणा.

कायद्याचे आकडेही बघून ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही परिसरातल्या आवाजाची मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. पेटीसकट येणाऱ्या डिझेल जनरेटरला एक मीटरवर 75 ची मर्यादा आहे. म्हणजे नियमात बसणारा नवा जनरेटरसुद्धा 55 वर यायला मोकळ्यावर 10 मीटर लागतात आणि 45 वर यायला 30 मीटरहून जास्त. पेठेत एवढं अंतर कुणाकडे आहे? आणि बोळात तर समोरासमोरच्या भिंतींवरून आवाज उलटत राहतो, त्यामुळे तिथे तो अंतराबरोबर इतका उतरतही नाही.

आवाजाचे रस्ते

घरगुती पेट्रोल जनरेटर 50 हर्ट्झ वीज द्यायला मिनिटाला 3000 फेरे फिरतो. एका सिलेंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला 25 स्फोट. सायलेन्सरमधून येणारी जाड धडधड ती हीच. याशिवाय थंड करणाऱ्या पंख्याची शीळ, एअर फिल्टरमधून हवा ओढल्याचा घोगरा आवाज, पत्र्याच्या झाकणांचा खणखणाट, आणि जमिनीतून घराच्या भिंतींत शिरणारा हादरा. हादऱ्याचा रस्ता सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे.

शोधायची पद्धत साधी आहे. बागेत पाणी घालायच्या पाईपचा मीटरभर तुकडा घ्या, एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं टोक जनरेटरभोवती फिरवा. एक्झॉस्टच्या झोतात आणि तापलेल्या भागाला पाईप लावू नका. नुसत्या कानाला सगळीकडून येतोय असं वाटणारा आवाज पाईपमधून एकाच जागेवर मोठा ऐकू येतो. मग झाकणं एकेक करून जाड कापडाच्या घडीने दाबून बघा. दाबल्यावर आवाज बदलला तर ते झाकण वाजतंय. शेवटी घरात जा आणि भिंतीला तळहात लावा. भिंत थरथरत असेल तर तुमचा अर्धा प्रश्न हवेतून येणाऱ्या आवाजाचा नाहीच.

मोजायला मोबाईलचं ॲप चालेल, पण त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, फरकावर ठेवा. तोच फोन, तीच जागा, शक्यतो शेजाऱ्याच्या खिडकीजवळची. जनरेटर बंद असतानाचा आकडाही लिहून ठेवा, म्हणजे रस्त्याचा आवाज किती ते कळेल.

सायलेन्सर

दोन-तीन पावसाळे झालेल्या जनरेटरचा आवाज वाढला असेल तर तो बहुधा इथून वाढलेला असतो. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधलं गॅस्केट जळतं आणि तिथून फट-फट असा कोरडा आवाज येतो. इंजिन गार असताना जोडाजवळ काजळीचा काळा ओघळ दिसला तर गॅस्केट गेलं असं समजा. ते बदला, नट सारखे आवळा. सायलेन्सर सोडवून हलवून बघा. आत खुळखुळ वाजलं तर आतल्या पट्ट्या गंजून सुटल्या आहेत आणि नवा सायलेन्सर घेण्यावाचून इलाज नाही.

एवढं करूनही धडधड जास्त वाटत असेल तर मूळ सायलेन्सरच्या पुढे दुसरा जोडता येतो. उद्यमनगरात हे काम करून देणारे फॅब्रिकेटर मिळतात, पण त्यांना तीन गोष्टी आधी सांगा. जोडपाईपचा आतला व्यास इंजिनाच्या मूळ तोंडापेक्षा कुठेही कमी नको. कमी झाला की धूर मागे दाबला जातो, ताकद उतरते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो. दुसऱ्या सायलेन्सरचं वजन इंजिनावर लोंबकळायला नको, त्याला स्वतंत्र स्टँड हवा आणि मधे स्टीलचा लवचिक बेलोज, नाहीतर महिन्याभरात वेल्डिंगला तडा जातो. आणि पाईपचं तोंड आकाशाकडे उघडं नको. इथल्या जुलैच्या पावसात उघड्या तोंडातून पाणी थेट सिलेंडरपर्यंत पोचतं. तोंड आडवं किंवा किंचित खाली झुकतं ठेवा, आणि सगळ्यात खालच्या जागी साचलेलं पाणी निघून जायला 3 मिलिमीटरचं भोक पाडा. हे भोक मोकळ्या हवेत हवं, पेटीच्या आत नाही. वॉरंटी चालू असेल तर कापाकापी करण्याआधी विक्रेत्याला विचारून घ्या.

हादरा तोडायचा तर रबर दबलं पाहिजे

जनरेटरखाली जुनं टायर, ट्यूबचे तुकडे किंवा कडक रबरी मॅट टाकलेली बऱ्याच घरांत दिसते. त्याने जनरेटर सरकत नाही एवढाच फायदा होतो. हादरा थांबण्यासाठी रबर वजनाखाली पुरेसं दबलं पाहिजे.

किती दबलं पाहिजे, तेही काढता येतं. रबरावर ठेवलेलं यंत्र वरखाली डोलू लागलं की त्याची स्वतःची एक लय असते. ही लय इंजिनाच्या हादऱ्यापेक्षा तीन पट तरी मंद हवी, तरच हादरा रबरात अडकतो. 3000 फेऱ्यांच्या एका सिलेंडरच्या इंजिनाचा सगळ्यात मंद हादरा सेकंदाला 25, म्हणजे लय 8 च्या आसपास हवी. लय काढायचं सूत्र: 15.8 ला, रबर जितके मिलिमीटर दबलं त्याच्या वर्गमुळाने भागायचं. त्यावरून उत्तर येतं साधारण 4 मिलिमीटर. पट्टी घेऊन जनरेटर ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर रबराची उंची मोजा. फरक अर्धा-एक मिलिमीटर असेल तर ते रबर तुमच्या जनरेटरला फार कडक आहे.

म्हणून रबरी पाय घेताना जाडी बघून घेऊ नका. चाळीस किलोचा जनरेटर चार पायांवर म्हणजे पायाला दहा किलो; दहा किलोला 4 मिलिमीटर दबणारा पाय मागा. इंजिनाची बाजू अल्टरनेटरपेक्षा (वीज तयार करणाऱ्या भागापेक्षा) जड असेल तर त्या बाजूचे पाय त्या हिशेबाने थोडे कडक हवेत, नाहीतर जनरेटर तिरका बसतो. 1500 फेऱ्यांचं एक सिलेंडरचं डिझेल इंजिन असेल तर हादरे सेकंदाला साडेबारावर येतात आणि दबायचं अंतर 15 मिलिमीटरच्या पुढे जातं. तिथे रबर पुरत नाही, स्प्रिंगचे पाय आणि खाली रबरी चकती लागते.

पाय बरोबर बसवूनही फरक पडला नाही तर कुठेतरी कडक जोड राहिला आहे. एक्झॉस्टचा पाईप भिंतीला लोखंडी क्लॅम्पने आवळलेला असतो, किंवा जाड केबल ताणून बांधलेली असते. हादरा त्या वाटेने जातो. पाईपला बेलोज आणि रबरी आधार, केबलला बारीक तारांची लवचिक जात आणि एक सैल वेढा, एवढ्याने काम होतं.

गच्चीवर जनरेटर ठेवायचा मोह टाळा. स्लॅब वाजतो आणि खालच्या खोलीत झोप लागत नाही. जमिनीवर, घराच्या जोत्याला कुठेही न टेकणारा 60 × 90 सेंटिमीटरचा, 10 सेंटिमीटर जाड काँक्रीटचा ओटा घाला. त्याचं वजन 130 किलोच्या आसपास भरतं आणि त्यावरचे रबरी पाय चांगलं काम करतात. पंचगंगेचं पाणी येणाऱ्या भागात, म्हणजे दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा ठिकाणी, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ती खूण बघूनच जागा ठरवा.

जागा, आणि धुराबद्दल स्पष्ट शब्दांत

जनरेटर कोपऱ्यात ठेवला की आवाज वाढतो. मागे एक पक्की भिंत असेल तर समोर सुमारे 3 डेसिबल वाढतात, दोन भिंतींच्या कोपऱ्यात 6. उघडी बाजू रस्त्याकडे किंवा स्वतःच्या मोकळ्या अंगणाकडे हवी, शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. मेंदीचं कुंपण, बांबू, शेडनेट यांनी जनरेटर दिसेनासा होतो, आवाज तसाच राहतो. विटांची भिंत उपयोगी पडते, पण ती जनरेटरच्या जवळ आणि इतकी उंच हवी की शेजाऱ्याच्या खिडकीतून जनरेटर दिसायला नको.

लांब ठेवायचा तर केबलची भीती बाळगू नका. दोन किलोवॅटला सुमारे 9 अँपिअर लागतात, 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने 30 मीटरवर 4 व्होल्टच पडतात. मात्र घराला जोडताना चेंजओव्हर स्विच लागतोच. त्याशिवाय जोडलेल्या जनरेटरची वीज उलटी महावितरणच्या तारेत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.

आवाज कमी व्हावा म्हणून जनरेटर जिन्याखाली, बंद पार्किंगमध्ये, गॅलरीत किंवा डक्टमध्ये कधीही ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. दार-खिडक्यांपासून किमान 20 फूट अंतर हवं, शेजाऱ्याच्या खिडक्याही त्यात आल्या. पेटीने किंवा जादा सायलेन्सरने हा वायू कमी होत नाही. घराभोवती 20 फूट मिळतच नसतील तर त्या घराला जनरेटर योग्य नाही, बॅटरीचा इन्व्हर्टरच हवा. हे आम्ही विचार करूनच लिहितो आहोत.

पेटी करायचीच असेल तर

आवाज अडवायला वजन लागतं आणि शोषायला जाड, मऊ, सच्छिद्र थर लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत. पातळ पत्र्यात दोन्ही नाही. उलट तो स्वतः वाजतो. पत्र्यावर टिचकी मारा, ठण्ण असा लांबत गेला तर त्याला आतून डांबरी शीट चिकटवावी लागेल. थर्माकोल, अंड्यांचे ट्रे आणि गादीचा फोम यांतलं काही लावू नका. आवाज अडत नाही आणि तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते पेट घेतं.

चालणारी रचना अशी: बाहेरून 18 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय किंवा 10 मिलिमीटरचं सिमेंट बोर्ड, आतून 50 मिलिमीटर रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), घनता घनमीटरला 64 किलोच्या आसपास, त्यावर काचतंतूंचं कापड आणि वर भोकांचा पत्रा. कापड नसेल तर तंतू उडून एअर फिल्टरमध्ये जातात. रॉकवूल भिजलं की निकामी होतं, म्हणून पेटीचा तळ ओट्यावर हवा आणि छपराला चारही बाजूंनी पागोळी.

आता फटीचा हिशेब. 4 फूट लांब, 3 फूट रुंद, 3 फूट उंच पेटी घ्या. चार बाजू 42 चौरस फूट, छप्पर 12, एकूण 54. खाली चारी बाजूंनी फक्त अर्धा इंच फट राहिली तर 14 फूट घेरावर ती होते जवळपास 0.6 चौरस फूट, म्हणजे एक टक्का. पेटीला एक टक्का जागा उघडी असली की भिंती कितीही जाड केल्या तरी 20 डेसिबलच्या वर आवाज अडतच नाही. दहा टक्के उघडी असली तर 10 डेसिबलच्या वर नाही. म्हणून तळाला रबरी पट्टी, दाराला दबणारी पट्टी आणि दोन कड्या, आणि केबलच्या भोकाला सीलंट. पेटी मात्र जनरेटरला कुठेही टेकता कामा नये.

मग हवा कुठून येणार? पेटीचं खरं कौशल्य इथे आहे. दोन किलोवॅटला पेट्रोल जनरेटर तासाला साधारण 1.1 लिटर पेट्रोल पितो. लिटरात सुमारे 9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे तासाला 10 युनिट आत जातात आणि 2 विजेच्या रूपाने बाहेर येतात. उरलेल्या 8 पैकी निम्मी उष्णता धुराबरोबर जाते असं धरलं तरी 4 किलोवॅट उष्णता हवेनेच बाहेर न्यावी लागते. पेटीत 2 किलोवॅटचे दोन गिझर लावून ठेवण्याइतकी. आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर तासाला 1200 घनमीटर हवा वाहायला हवी. वळणांचा अडथळा धरून 1800 घनमीटरचा एक्झॉस्ट फॅन घ्या आणि तो जनरेटरच्याच विजेवर जोडा, म्हणजे दोन्ही बरोबरच सुरू होतात.

हवेची वाट 15 × 14 इंचांची, आणि हे माप रॉकवूल लावल्यानंतरचं. यापेक्षा अरुंद केली तर हवाच शीळ घालते. वाटेला दोन काटकोनी वळणं द्या, आतून अस्तर लावा. बाहेरून डोकावलं तर जनरेटर दिसता कामा नये. दोरी ओढायच्या बाजूने इंजिनाचा पंखा हवा आत घेतो, म्हणून आत येणारी वाट त्या बाजूला, खाली, पण जमिनीपासून 9 इंच वर. बाहेर जाणारी वाट सायलेन्सरच्या बाजूला, वर. दोन्हींची तोंडं वेगळ्या दिशांना, नाहीतर बाहेर पडलेली गरम हवा परत आत ओढली जाते. दोन्ही तोंडांना जाळी लावा, उंदरांना रॉकवूल फार आवडतं. एक्झॉस्टचा पाईप पेटीबाहेर काढताना प्लायला थेट टेकवू नका, मोठी लोखंडी कॉलर बसवून मधली जागा रॉकवूलने भरा. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावर, दार उघडं ठेवून.

असं सगळं नीट जमलं तर घरगुती पेटीने 10 ते 15 डेसिबल कमी होतात. तीस कमी करून देतो म्हणणाऱ्याला हवा कुठून जाणार ते विचारा.

भार कमी केला तर

साधा जनरेटर दोन बल्बांसाठीही 3000 फेऱ्यांवरच फिरतो. इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर मात्र भार कमी असला की फेरे कमी करतो, म्हणून तो मुळात शांत असतो. नवा घ्यायचाच असेल तर पेटीचा खर्च वाचवून हाच घ्यावा असं आमचं मत.

रात्रीसाठी बॅटरी. चार साधे पंखे 300 वॅट, सहा एलईडी 54, राउटर 12, मिळून 366. बारा व्होल्टची 150 अँपिअर-तासांची बॅटरी हा भार जेमतेम तीन तास ओढते. पंखे 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर तीच बॅटरी सहा तास पुरते. फ्रीज दार न उघडता चार तास थंड राहतो. मग जनरेटर उरतो फक्त पंप आणि फ्रीजसाठी, तोही दिवसा.

पेटी झाली की पहिल्या दिवशी पूर्ण भारावर तासभर चालवून बघा, शक्यतो एप्रिलच्या दुपारी. साधा तापमापक इंजिनाच्या हवा ओढायच्या बाजूला टांगा. बाहेरच्या हवेपेक्षा 15 अंशांहून जास्त फरक दिसला तर बाहेर जाणारी वाट मोठी करा आणि गरम हवा फिरून आत येत नाही ना, ते बाहेर जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी कापसाचा धागा धरून तपासा. धागा आतल्या बाजूला ओढला जात असेल तर पंखा उलटा बसला आहे.